दुसरी 'क'ची शब्दभिंत

बिलकिसची कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी हसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मी साळसूदपणाचा आव आणायला नको.

दोह्यात, अल गराफातल्या आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाला शब्दांची भिंत असते. इंग्रजी शब्द रंगीत कागदावर छापायचे, लॅमिनेट करून चिकटवायचे, की शिक्षिकेचं कर्तव्य संपलं. मुलं त्या भिंतीकडे वर्षभर ढुंकून बघत नाहीत. माझी असिस्टंट बिलकिस जूनमध्ये म्हणाली, "मॅडम, जो शब्द पोरांना येतो तो भिंतीवर कशाला ठेवायचा? काढून टाकूया ना."

तिचा नियम असा होता. बोलताना एखादं मूल अडलं की त्याला हवा असलेला शब्द त्याच्याच हाताने कार्डावर लिहून घ्यायचा आणि भिंतीवर लावायचा. मग वर्गातल्या प्रत्येकाने तो आपल्या वाक्यात वापरायचा. शेवटचं मूल वापरेल त्या दिवशी त्याने कार्ड उतरवून घरी न्यायचं. त्यामुळे भिंतीवर कधीही सहा-सातच शब्द, बाकी नुसते टेपचे डाग. शेवटचं मूल म्हणजे बहुधा वर्गातलं सगळ्यात कच्चं किंवा सगळ्यात अबोल मूल, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. जूनमध्ये चैत्राली नावाची मुलगी हजेरीलासुद्धा 'येस मॅम' म्हणत नव्हती. डिसेंबरपर्यंत तिच्या दप्तरात सतरा कार्डं जमली आणि ती गप्प बसेना.

बिलकिस मूळची खेडची. तिचा नवरा अश्फाक एका शिपिंग कंपनीत क्लार्क आहे, अल नस्रमध्ये एका खोलीत त्यांचा संसार. त्यांच्या लेकीला, इनायाला, सहावं संपत आलं होतं आणि दोह्यात कुठल्याच शाळेत तिला जागा मिळत नव्हती. आमच्याकडे कायम झालेल्या स्टाफच्या मुलांना आधी प्रवेश देतात. मार्चमध्ये बिलकिस कायम झाली तर इनाया आमच्या शाळेत येणार होती, नाहीतर तिला खेडला आजीकडे पाठवायचं ठरलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. डबा खाताना बिलकिस दुसरं काही बोलायचीच नाही.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका शाळेत शिक्षकांचं ट्रेनिंग होतं. तिथे मी आमच्या भिंतीचे फोटो दाखवले आणि अर्धा तास 'माझा प्रयोग, माझा अनुभव' असं बोलले. टाळ्या मिळाल्या. बिलकिसचं नाव घ्यायचं राहूनच गेलं, असं मी घरी मिहीरला सांगितलं. नवऱ्याशीही खोटंच बोलले. तिचं नाव शेवटच्या स्लाइडवर होतं आणि आदल्या दिवशी मीच ते काढलं होतं.

जानेवारीत राजश्री मॅडम नव्या सुपरवायझर म्हणून आल्या. सोमवारी इन्स्पेक्शन होतं आणि इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून आदल्या गुरुवारीच त्या वर्ग बघत फिरत होत्या. आमच्या दारातच थांबल्या.

"सुचित्रा, ही भिंत अशी बोडकी का? वर्षभर काय करताय काय तुम्ही?"

मला सगळं समजावून सांगता आलं असतं. ट्रेनिंगमध्ये अर्धा तास सांगितलंच होतं की. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझी पाचावर धारण बसली.

"भिंत बिलकिस बघते, मॅडम," मी म्हणाले. "मी कितीदा सांगितलं तिला. तिच्या जरा मागे लागावं लागतं."

बिलकिस तीन हातांवरच बसून एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही. राजश्री मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, "यल्ला, चला, लागा कामाला, रविवारी मला ही भरलेली दिसली पाहिजे," म्हणाल्या आणि गेल्या.

मी बिलकिसच्या रागाची वाट बघत उभी राहिले. ती म्हणाली, "साठ शब्द पुरतील ना, मॅडम?" आणि मग कार्डं उतरवता उतरवता, "तुमाला पयल्यापास्नं पटत नव्हतं तर सांगायचं होतं. मीच आपली ताणत बसले."

मी रंगीत कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. रविवारी साठ शब्द चकाकत होते. सगळे तिनेच कापले, तिनेच चिकटवले.

सोमवारी ऐन तासाला तिला झेरॉक्सच्या खोलीत बसवलं होतं. इन्स्पेक्शनच्या बाईंनी चैत्रालीला विचारलं, भिंतीवरचा कुठला शब्द आवडतो? चैत्राली म्हणाली, "दॅट्स नॉट अवर वॉल." तिने दप्तर उघडून कार्डांचा गठ्ठा बाकावर ठेवला आणि कुठला शब्द कोणाचा, कधी मिळाला, ते सगळं सांगत सुटली. बाई चक्क खाली बसून ऐकत होत्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. ही कल्पना कोणाची, असं त्यांनी विचारलं. राजश्री मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"माइन," मी म्हणाले.

रिपोर्टमध्ये दुसरी 'क'चं खास कौतुक आलं. तो वाचून दाखवला त्या मीटिंगला असिस्टंट लोकांना बोलावत नाहीत, त्यामुळे बिलकिसला काही कळलं नाही. तिच्या कायम होण्याच्या फॉर्मवर मात्र 'पुढाकार घेत नाही' असा शेरा पडला होता. मी खरं सांगायला दोनदा राजश्री मॅडमच्या केबिनपर्यंत गेले. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा मोकळ्या होत्या, तर मी टाइमटेबलचं काहीतरी विचारून परत आले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मार्चच्या यादीत बिलकिसचं नाव नव्हतं.

"खलास, मॅडम," ती म्हणाली. "इनायाचं तिकीट काढलंय. पण दुसऱ्या एका शाळेत इंटरव्ह्यू आहे. तुमचं एक पत्र मिळालं तर बरं होईल."

मी घरी बसून दोन पानं लिहिली. भिंतीची पद्धत पूर्णपणे तिची, शेवटच्या मुलाला कार्ड देण्यामागचा विचार तिचा, चैत्राली बोलती झाली ती तिच्यामुळे, इन्स्पेक्शनमध्ये वाखाणलं गेलं ते काम तिचंच. एकही शब्द खोटा नव्हता. लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं आणि रात्री झोपही छान लागली, याची आता जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तिने ते उभ्या उभ्या वाचलं. ती आता आभार मानेल म्हणून मी वाट बघत होते. हो, खरंच बघत होते. दुसरं पान तिने दोनदा वाचलं.

"मला वाटलेलं, तुमाला ते खरंच पटलं नाय म्हणून तुमी त्या दिवशी तसं बोललात," ती म्हणाली. "घरी ह्यांनापण मी तेच सांगितलं. मॅडमचं काय चुकलं नाय, म्हटलं."

तिने पत्रावरून मान वर केली.

"तुमाला सगळं ठावूक व्हतं."

"हो," मी म्हणाले.

तिने पत्र फाडून माझ्या तोंडावर फेकावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण तिला नोकरी हवी होती. तिने पत्राची नीट घडी घातली आणि ते पर्समध्ये ठेवलं.