ताईची खरी वेळ

फरशी पुसायच्या मॉपची ओली मुंडी मी टकलावर केसांसारखी ठेवली, ती फक्त ताईला हसवायला. ती हसली. पण स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत, पोहता पोहता, तलावाच्या मध्यावर. नाकातोंडात पाणी गेलं, दोरी धरून खोकली, परत हसली आणि मग निवांत काठाला लागली. अठ्ठावन्न सेकंद.

ताई माझी थोरली बहीण, पन्नाशीची. डॉक्टरांच्या कागदावर तिची बुद्धी कमी आहे. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या मात्र तिच्यासारख्या कुणाला जमत नाहीत. आणि पंचवीस मीटर ती त्रेचाळीस सेकंदांत कापते. मी तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा, लिफ्ट दुरुस्त करतो. माझी अक्कलदाढ अजून यायचीय, असं आई शेवटपर्यंत म्हणायची.

कोचबाईंनी मला दाराशी गाठलं. "दादा, काय झालं हो तिला? दमली का?"

"असेल." मॉप माझ्या पाठीमागे ठिबकत होता.

"पंचाईत आहे. या वेळेवरून गट पडतात. फायनलला कुणी या वेळेपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त वेगात पोहलं तर बाद. मुद्दाम हळू पोहून सोप्या गटात घुसली, असं धरतात. एकोणपन्नासच्या आत आली की ताई बाहेर."

वर्षभर पहाटे उठून तिने पाणी कापलं होतं. माझं डोकं पळवाट शोधायला लागलं.

ताई टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती. मी शेजारी टेकलो. "ताई, फायनलला जरा हळू पोह बरं का."

"का?"

"मेडल मिळेल."

"हळू पोहून?" घडीत डाग सापडल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "शर्यत आहे रे येड्या."

"जोरात गेलीस तर काढून टाकतील."

"मी काय केलं?"

लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकावी तसा मी अडकलो. "तू नाही गं. मी केलं."

"मग जाऊन सांग."

फायनलच्या गटांची यादी बंद व्हायला नऊ मिनिटं होती. कोचबाईंना सगळं सांगितलं. त्या तडक पंचांकडे चालू लागल्या, मी मागोमाग.

पंच टेबलावर कागद लावत होते. म्हटलं, "साहेब, माझ्या बहिणीची वेळ खोटी आहे. मी तिला हसवलं."

"हरल्यावर सगळे भाऊ असंच काहीतरी घेऊन येतात."

मी मॉप डोक्यावर ठेवला. गालावरून घाण पाणी ओघळलं.

पंचांनी चष्मा काढला. "ते तुम्ही होतात? मी समजलो सफाईवाल्या बाई!"

कुणीच हसलं नाही. मीसुद्धा नाही.

"कोचनी खरी वेळ लिहून सही करायची," ते म्हणाले. "मी तिला जलद गटात टाकतो. आणि तुम्ही बाहेर. हॉलमध्ये दिसलात तर तिचं नाव कापीन."

बाईंनी पेन उघडलं, पण आधी ताईला हाक मारली. "त्या गटात तिघी तुझ्यापेक्षा जोरात पोहतात. मेडल तीनच. तू बहुतेक चौथी. या सोप्या गटातच राहायचं असेल तर हळू जावं लागेल."

"तिकडे जोरात पोहू देतील?"

"हो."

"मग तिकडे."

मी बाहेर. दाराची काच धुरकट, पलीकडे नुसते रंग हलत होते. शिट्टी झाली. मी मोजायला लागलो. तीस. पस्तीस. आत आरडाओरडा. चाळीस. एक मोठा आवाज उठला आणि विरला. कुणासाठी, कळेना. त्रेचाळीस झाले, सत्तेचाळीस झाले. मी घाबरून भरभर मोजतोय की ती पुन्हा दोरीला लटकलीय? साठ झाले. मग मोजणं सोडून दिलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ताई निथळत उभी. तोंड फुगलेलं.

"चौथी," ती म्हणाली.

मागून कोचबाई. "एकेचाळीस सेकंद! आयुष्यात पहिल्यांदा!"

ताईला त्याचं काही नव्हतं. तिने दोन बोटांत फट धरून माझ्या नाकासमोर आणली. "ती हिरव्या टोपीवाली एवढीच पुढे होती. एवढीच! पुढच्या वर्षी दाखवते तिला." मग थांबून माझं तोंड निरखलं. "तू रडतोयस?"

"छे. क्लोरीन गं. डोळ्यांत जातं."

"क्लोरीन आत असतं," ताई म्हणाली, आणि आपल्या ओल्या टॉवेलने माझं तोंड खसाखसा पुसायला लागली.