भिंतीपलीकडची आदळआपट

त्या गल्लीत माणसं दारंसुद्धा जपून लावत, आणि त्यातही काटेकाकांचं घर म्हणजे शांततेचं माहेरघरच. काका बारीक वजनांचे काटे दुरुस्त करायचे, सोनाराकडचे, औषधवाल्याकडचे, काचेच्या पेटीत बसवलेले. भिंतीत चिणलेल्या दगडी फळीवर पेटी ठेवायची, दोन्ही पारडी मोकळी सोडायची आणि काटा मधल्या रेघेवर येऊन उभा राहीपर्यंत वाट बघत बसायचं, असं ते काम. खोलीत कुणी पाय आपटला तरी काटा थरथरे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यामुळे त्यांची बायको अडतीस वर्षं त्या घरात मांजरीच्या पावलांनी वावरली. काकांनी चिमट्यानं दोनदा टिकटिक केलं की ती जिथं असेल तिथं थबकायची, हातातलं भांडं हातात, गुणगुणणं अर्ध्या ओळीत, आणि पुढचं टिकटिक होईपर्यंत श्वाससुद्धा रोखून धरायची. चार वाजता चहा घेऊन यायची ती अनवाणी. स्वयंपाकघरापासून काकांच्या स्टुलापर्यंत अकरा पावलं, काट्यावर अकरा बारीक थरथरी. तेवढ्यावरून ती आल्याचं काकांना कळे, आणि मान वर न करता ते हात मागे करत.

"एकदा या घरात मला पोटभर भांडी आपटायची आहेत," ती हसत म्हणायची.

"आपट की. हा एवढा काटा होऊ दे."

पण एक झाला की दुसरा यायचा. ती गेली त्याला आता चौदा महिने झाले होते.

शेजारच्या जोडघरात एका नर्सबाईंचं, नवरा-बायकोचं, नवं बिऱ्हाड आलं आणि तिसऱ्याच दिवशी, बरोबर चार वाजता, भिंतीपलीकडे आदळआपट सुरू झाली. पातेली पडली, झाकणं गडगडली, कुणी दणदण चालत गेलं, आणि या सगळ्यात एक बाई मजेत गुणगुणत होती. रोज चारला सुरू, साडेचारला बंद. काका स्वभावानं गरीब, आठवडाभर त्यांनी कळ काढली. मग सदरा चढवून ते शेजारी गेले.

दार नर्सबाईंनी उघडलं. काकांचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, चारला मी दवाखान्यात असते आणि आमचे हे बसवर ड्युटीला. घराला कुलूप असतं."

"मग भांडी कोण पाडतं?"

"आमच्याकडे भांडी आहेतच चार. पाडायची म्हटली तर पुरवून पुरवून पाडावी लागतील." त्या हसल्या, मग काकांचा चेहरा बघून म्हणाल्या, "खरंच सांगते काका. उलट आम्हीच म्हणत होतो, तुमच्याकडे माणूस राहतं की नाही."

काकांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी औषधवाल्याचा काटा नुकताच रेघेवर आला होता आणि पलीकडे धाडकन काहीतरी पडलं. आता पुन्हा पहिल्यापासून, म्हणून काकांनी वैतागून पेटीकडे पाहिलं. काटा हलला नव्हता. पाठोपाठ पातेलं आपटलं, पावलं दणदणली. भिंत तीच, फळी त्याच भिंतीतली, पण काटा गोठल्यासारखा उभा.

ते बघूनही त्यांचा हात सवयीनं उचलला गेला. चिमट्यानं त्यांनी भिंतीवर दोनदा टिकटिक केलं.

आवाज तिथल्या तिथं थांबला. गुणगुणणं अर्ध्या ओळीत तुटलं.

बरं झालं, म्हणून काका कामाला लागले. संध्याकाळी चिमटा पुसून ठेवताना मात्र त्यांचा हात मध्येच राहिला. ती खूण या जगात दोनच माणसांना ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले, पलीकडे चिडीचूप. तिसऱ्या दिवशी तेच. काकांनी भिंतीवर पुन्हा टिकटिक करून पाहिलं, मोकळीक दिल्याची. काहीच नाही. मग ते पुन्हा शेजारी गेले.

"बाई, तेवढा आवाज करा. भिंतीपाशी भांडी आपटा एकदा."

नर्सबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रोज आजारी माणसं बघणाऱ्या बाई त्या, उलटतपासणी केली नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी आपली चारही भांडी भिंतीपाशी नेली आणि एकेक करून आपटली. काका पेटीसमोर बसले होते. काटा वेड्यासारखा नाचला.

मग बाई पदराला हात पुसत काकांच्या दारात आल्या. "असाच होता का?"

"नाही," काका म्हणाले. "त्या आवाजानं काटा हलत नव्हता."

"कोण होतं काका?"

काकांनी बराच वेळ पेटीची काच पुसली. "मीच गप्प केलं तिला," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत आत्ता कुठं जरा..."

दार हळूच ओढून घेऊन बाई आपल्या घरी गेल्या.

चार वाजायला आले होते. काकांनी रिकाम्या पारड्यांची पेटी पुढ्यात घेतली, काटा रेघेवर येऊ दिला आणि कान भिंतीकडे लावून बसले. पलीकडून काहीच आलं नाही.

काटा थरथरला. अगदी बारीक, एकदाच. थांबला. पुन्हा थरथरला. भिंतीकडे कान लावलेले काका हळूहळू सरळ झाले. ती थरथर भिंतीकडची नव्हती, अनवाणी पावलांची होती. पाठीमागून येत होती, स्वयंपाकघराच्या दारातून. काका मोजत राहिले. सात. आठ. मान वर करायचा त्यांना धीर झाला नाही. नऊ. दहा.

अकरा.

काकांनी हात मागे केला आणि तसाच धरून ठेवला.

"आपट गं काहीतरी," ते म्हणाले. "काम संपलं माझं."

काटा मधल्या रेघेवर श्वास रोखून उभा होता.