हिरवी चौकट

भावाने कॅमेऱ्याचा मेनू उघडला आणि चेहरा आपोआप शोधणारा फोकस गुपचूप बंद केला. त्याऐवजी एकच छोटी चौकट निवडली, हाताने हवी तिथे नेता येणारी. काम दोन सेकंदांचं, पण तेवढ्यात त्याने दोनदा खिडकीकडे पाहिलं.

त्याच्या फोटो स्टुडिओत, खिडकीजवळच्या स्टुलावर ताई बसली होती. चेहरा भाजल्यानंतर वर्षभराने आज ती पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. सोमवारी शाळेत पुन्हा रुजू व्हायचं आणि ओळखपत्रावर आताचाच फोटो हवा. चार दिवस भावाला एकच धास्ती होती. कॅमेऱ्याला तिचा चेहरा हा चेहरा वाटलाच नाही तर? आणि ते तिने पाहिलं तर? ती घरी जाऊन खोलीचं दार लावून घेईल, मग ते कुणाच्या बापाला उघडता येणार नाही.

दिव्यांची धग तिला सोसणार नाही म्हणून त्याने तिला पांढऱ्या पडद्यासमोर न बसवता इथे उजेडात बसवलं होतं. मागची भिंत काय, नंतर फोटोतून काढून टाकता येते.

"झालं का रे? की फोटो उद्या काढणार आहेस?"

"होतंय, ताई. हनुवटी जरा वर."

"स्क्रीन इकडे वळव."

"कशाला? मी काढतोय ना."

"वळव म्हटलं ना. हा कॅमेरा धरायला तुला शिकवलं कुणी?"

शिकवलं तिनेच होतं. त्याने स्क्रीन वळवली. तिने स्वतःकडे बघायचं टाळलं, फक्त कोपऱ्यातल्या खुणेवर नजर टाकली.

"एकच चौकट का? चेहरा शोधणारा फोकस लाव."

"तो कधीकधी गडबडतो."

"गिऱ्हाइकांना तोच लावतोस. मला थापा मारू नकोस."

नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. भावाने जीव मुठीत धरून सेटिंग बदललं.

चौकट स्क्रीनभर भिरभिरली आणि एका जागी थांबून हिरवी झाली. पण ताईवर नाही. तिच्या मागे, भिंतीवरच्या फ्रेममध्ये ताईचाच दोन वर्षांपूर्वीचा हसरा फोटो होता, चौकट त्यावर बसली होती. रोज सकाळी तो ती फ्रेम पुसायचा. आज ती काढून ठेवावी हे काही त्याला सुचलं नव्हतं.



ताई उठली. संपलं सगळं, त्याला वाटलं. पण ती दाराकडे न जाता भिंतीशी गेली, फ्रेम उतरवली, क्षणभर पाहिली आणि पालथी करून टेबलावर ठेवली. मग परत स्टुलावर येऊन बसली. चौकट पुन्हा भिरभिरली, आणि कुणीच न सापडल्यामुळे नाहीशी झाली.

"ताई, मला खरंच..."

"गप बस. तुझी ती एकच चौकट लाव परत. आणि कॅमेरा जरा पुढे घे."

त्याने सेटिंग परत बदललं आणि ट्रायपॉड तिच्या हाताच्या अंतरावर आणला. वर्षभर घरातल्या आरशावर टॉवेल टाकलेला होता. ताईने आता सरळ स्क्रीनमध्ये पाहिलं. तिचं बोट पुढे आलं आणि स्क्रीनवरच्या स्वतःच्याच आक्रसलेल्या डाव्या डोळ्यावर टेकलं. चौकट तिथे आली आणि हिरवी झाली.

तिने हात मांडीवर घेतला.

"हं, दाब आता."

भावाच्या बोटाला बटण काही केल्या सापडेना.