अठरा मिली आणि आठ थेंब

जान्हवी टपकेला दिसत नाही, आणि तिला बी.एस्सी.ला रसायनशास्त्र हवं होतं. विभागप्रमुख म्हणून मी नकार कळवला. आम्ल आणि अल्कली नेमक्या प्रमाणात जुळली की द्रावणाचा गुलाबी रंग जातो. तो क्षण तिला कसा कळणार?

दुसऱ्या दिवशी लता साळवे माझ्यासमोर येऊन बसल्या. विद्यापीठात उपकुलसचिव, एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला सहा महिने. आमच्या कांदिवलीच्या इमारतीचा चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार त्यांनी करून घेतला होता. गोवंडीहून येणाऱ्या, घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलींसाठी ग्रंथालय सकाळी सातला उघडायला लावलं होतं. त्या भांडत नसत. का जमत नाही ते मला समजेल असं सांगा, एवढंच म्हणत. त्यांचं शिक्षण इतिहासाचं. मी सगळं समजावलं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं,

"मॅडम, रंगाशिवाय दुसरं काहीच बदलत नाही का?"

चार दिवसांनी त्या शाळेचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आल्या. कांद्याचा वास अल्कलीत जातो, आम्लात राहतो, या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे खरं का? खरं होतं. मी ते शाळेत पाठ केलं होतं आणि नंतर कधी आठवलंही नव्हतं.

परीक्षा मंडळाने एकच संधी दिली. तीनदा प्रयोग, रंग बघून काढलेल्या उत्तराशी दोन थेंबांहून जास्त फरक नको. नाहीतर विषय बदलायचा. जान्हवीने दोन महिने प्रयोगशाळेत सराव केला. लताबाई रोज कांदा चिरून द्यायच्या. शिपाई येता-जाता विचारायचे, भजी कधी तळताय?

परीक्षेच्या दिवशी आधी मी स्वतः रंग बघून उत्तर काढलं आणि चिठ्ठी खिशात ठेवली. जान्हवीने कांदा घातलेल्या अल्कलीत खाचा पाडलेल्या सिरिंजमधून आम्ल सोडायला सुरुवात केली. शेवटचे थेंब ती ड्रॉपरने मोजणार होती. मी वाकून बघत होते. ती थांबली.

"मॅडम, जरा लांब उभ्या राहा ना. तुमच्या सेंटने माझी वाट लागेल."

लताबाई हसल्या. मी खिडकीशी गेले. तिथून मला चंचूपात्र दिसत नव्हतं, फक्त तिचा चेहरा दिसत होता. एक थेंब, हलवणं, श्वास. पुन्हा थेंब. इतक्या वर्षांत कोणाला इतक्या सावकाश मोजताना मी पाहिलं नव्हतं. एका थेंबानंतर तिचा श्वास अडखळला, आणि जे मला फक्त दिसत आलं होतं ते तिच्यापर्यंत पोचलं.

पहिल्यांदा अठरा मिली नऊ थेंब. मग अठरा आणि आठ. मग पुन्हा अठरा आणि आठ.

मी चिठ्ठी उघडली. लताबाईंनी हळूच विचारलं, बरोबर आहे? मी मान हलवली.

"मॅडम, बोला ना," जान्हवी म्हणाली. "मान हलवली असेल तर मला कळत नाही."

"अठरा आणि आठ," मी म्हणाले. "माझंही तेवढंच आलं."