वाढीव दोन वर्षं

कामरगावात कुणाची गाडी बिघडली की ती ढकलत संघदीपच्या गॅरेजपर्यंत यायची, आणि नवी घ्यायची असली तरी माणूस आधी त्यालाच विचारायचा. बसथांब्यामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. कारंज्याहून नवी मोटरसायकल आणलेला कुणी पेढे द्यायला आला, की पेढा तोंडात टाकता टाकता संघदीप हमखास विचारायचा, "वाढीव वॉरंटी तं नाई घेतली ना?"

घेतली म्हटलं की तो कपाळावर हात मारायचा. "चेन, क्लचप्लेट, ब्रेक, याईचं ते काईच देत नाईत. जे रोज झिजते ते त्यात नाई, अन् जे त्यात हाये ते लवकर जात नाई. कायले पैसे टाकले बाप्पा? मी बसलो ना इथं."

त्याची बायको मंजुषा आशाताईंची गटप्रवर्तक होती. आठ-दहा गावं तिच्याकडे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी संघदीपनं तिला गिअरची गाडी शिकवली. स्कूटी शिकव म्हणून त्याची आई भागिरथाबाई मागं लागली होती, पण पांदणीच्या, शेतवाटेच्या चिखलात स्कूटी फसते म्हणून त्यानं ऐकलं नाही. गावानं चार दिवस टकमक पाहिलं, मग पाहायचं सोडलं. पुढं मंजुषाच्या पगारातून तिच्याच नावावर नवी मोटरसायकल आली. शोरूम सोडलं तर त्या गाडीच्या इंजिनाला संघदीपशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. फुकटच्या सर्व्हिसिंगलाही तो शोरूममध्ये जाऊन शेजारी उभा राहायचा आणि घरी आणून पुन्हा एकदा सगळं तपासायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायावर सूज आली. उन्हामुळं असेल म्हणून त्यानं दोन महिने घालवले. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा कारंज्याला जाऊन डायलिसिसच्या मशीनवर झोपणं सुरू झालं. मंजुषा गाडी चालवायची आणि तो मागं बसायचा. मशीनची सुई टोचायला डाव्या हाताची नस शस्त्रक्रियेनं मोठी केली होती. त्या हातानं वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका हातानं पाना धरून होईल तेवढं तो करत राहिला. आईला त्यानं सांगून ठेवलं होतं, "मशीननं रक्त साफ होते, मंग माणूस हळूहळू सुधरते." भागिरथाबाई शेजारणींनाही तेच सांगायची.

डॉक्टर मात्र आता किडनीपेक्षा हृदयाचं जास्त बोलत होते. ते मंजुषाला माहीत होतं आणि संघदीपलाही. दोघं त्यावर बोलत नसत.

त्या जून महिन्यात एका दुपारी शोरूमचा मेसेज आला. गाडीची तीन वर्षांची वॉरंटी बारा तारखेला संपत होती. त्याआधी पैसे भरले तर आणखी दोन वर्षं वाढवून मिळणार होती. मंजुषानं तो मुद्दामच मोठ्यानं वाचला. तो हसेल, शोरूमवाल्यांना दोन शिव्या घालेल, असं तिला वाटलं होतं. कितीक दिवसांत तो हसला नव्हता.

तो उशीला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, "घेऊन टाक."

"मजाक करता का?"

"नाई. अटी वाच."

तिनं वाचल्या. यापुढं प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर आणि शोरूममध्येच करायचं. बाहेर कुणी इंजिन उघडलं तर वॉरंटी रद्द.

"म्हंजे तुमी पाना लावला तरी रद्द," ती म्हणाली.

"मंग नाई लावत."

मंजुषा उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी तिनं पुन्हा घासली.

पुढचे आठ दिवस तो रोज विचारायचा आणि ती रोज काहीतरी सांगायची. आज मीटिंग होती. आज नेट नव्हतं. दहा तारखेला मशीनवरून परत निघाल्यावर त्यानं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि शोरूमच्या रस्त्याला वळायला सांगितलं. तिनं वळवली नाही. कारंज्याबाहेर येऊन एका बाभळीखाली गाडी थांबवली आणि खाली उतरली.

"तुमी जलमभर लोकाईले नाई म्हनलं अन् आता मलेच काहून घ्या म्हनता?"

"लोकाईले सांगत होतो ते खोटं नव्हतं. पन तवा मी धडधाकट होतो." तो सीटवर तसाच बसून होता, थकलेला. "मागच्या महिन्यात तुह्या गाडीचं ऑइल बदललं. खालचा नट मले आवळताच नाई आला. तू गाडी ठेवून मिटिंगले गेलती, अन् ऑइल गळत राह्यलं. शेजारच्या मुन्नाले बोलावून आवळून घेतला. तुले सांगतलं नाई."

मंजुषानं वाकून इंजिनाखालच्या नटाकडे पाहिलं.

"एकटी असशीन. रस्त्यात गाडी बंद पडली तं कोनाच्या तोंडाकडं पाहा लागू नये तुले. फोन करायचा, ते येतीन, नेतीन."

"दोन वर्सांचं नका सांगू मले. पुढच्या महिन्याचं बोला."

"पुढच्या महिन्याचंच बोलून राह्यलो, मंजू."

ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. एक एसटी गेली, दोन ट्रॅक्टर गेले. मग ओढणीनं तोंड पुसून तिनं गाडी फिरवली.

शोरूममधला कारकून संघदीपला ओळखत होता. "जयभीम संघदीपभाऊ. तुमी अन् वाढीव वॉरंटी?"

"गाडी मॅडमची हाये. मॅडमले समजावून सांगा," संघदीप म्हणाला. मंजुषानं साडेतीन हजार भरले आणि दाखवलं तिथं सही केली. संघदीपनं कागद घेऊन काय भरून मिळत नाही त्याची यादी बोट ठेवून तिच्याकडून वाचून घेतली. मग तो भिंत धरत मागच्या वर्कशॉपमध्ये गेला. मंजुषाही मागून गेली. तिथल्या मोठ्या मेकॅनिकजवळ उभा राहून तो सांगत होता, "मंजू क्लच अर्धा दाबून चालवते. रागावू नका. तार जराशी सैल ठेवत जा. अन् सीटखालचं वायर उंदरानं एकदा कुरतडलं होतं, म्या जोडलं हाये, तिथं पाहून घ्या." मेकॅनिकनं हात पुसून खिशातली डायरी काढली आणि सगळं लिहून घेतलं. निघताना संघदीपनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. डावा हातही.

ऑक्टोबर महिन्यात, धम्मचक्र दिनाच्या चार दिवस आधी, सकाळी चहा घेता घेता संघदीप गेला. कप हातातून पडला तेवढाच आवाज झाला. अडतीस वर्षांचा होता.

मंजुषा पंधरा दिवसांनी कामावर रुजू झाली. हिवाळा गेला. मार्च महिन्यात एका गावाहून परतताना गाडी फुरफुरली आणि बंद पडली. तिनं फोन केला. तासाभरानं शोरूमची गाडी आली, मोटरसायकल चढवून कारंज्याला घेऊन गेली. पेट्रोलचा पंप गेला होता. काचेपलीकडे त्यांनी टाकी उतरवली, एकेक भाग ट्रेमध्ये मांडला. मंजुषाला ते बघवेना. ती बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर बसली आणि हाक येईपर्यंत तिथंच बसून राहिली.

घरी पोचायला अंधारलं. भागिरथाबाई उंबऱ्यावर वाट पाहत होती.

"कोनं दुरुस्त केली?"

"शोरूमवाल्यानं."

"किती घेतले?"

"काई नाई घेतले, माय."

"फुकट कोनी करते का कधी?"

मंजुषानं हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं. जे होतं तेच तिनं सांगितलं. संघदीपनं जून महिन्यातच दोन वर्षांचे पैसे भरायला लावले होते. त्याला यापुढं दुरुस्ती जमणार नव्हती म्हणून.

म्हातारी बराच वेळ गाडीकडे पाहत राहिली. "जूनमदी," ती म्हणाली. "म्हंजे त्याले मालूम होतं."

"हो."

"मले तं म्हने, सुधरून राह्यलो."

ती उंबऱ्यावर खाली सरकली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. ज्या सकाळी तो गेला त्या सकाळीही ती अशी रडली नव्हती. मंजुषा तिच्या बाजूला बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. आतल्या चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटत होतं, पण दोघींपैकी कुणीच उठलं नाही.