पाण्यातला परका उजेड

हाउकिवेसी सरोवर गोठलं की ओइवामामा संशोधन केंद्रातल्या खोलीतून हलत नसे. बर्फाखाली सोडलेल्या कॅमेऱ्यातलं काळपट हिरवं पाणी पडद्यावर बघत बसे. सरोवरातल्या सीलमाद्या या दिवसांत बर्फाच्या ढिगाऱ्यांत बिळं करतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. फेब्रुवारीत त्याने भाचीला, विर्पीला, फोन केला.

"उन्तुवा परत आली गं!"

उन्तुवा ही त्याची लाडकी मादी. तीन वर्षं कुणालाच दिसली नव्हती. प्रत्येक सीलच्या अंगावरची वलयं निराळी असतात, आणि उन्तुवाची तर त्याने झोपेतही ओळखली असती.

"चित्रात पट्टे येतात मात्र. तेवढं तू बघ. तुझंच काम ते."

विर्पी ड्रायव्हर लिहायची, म्हणजे कार्ड आणि संगणक यांचं आपसात जमवून देणारे प्रोग्राम. ती आली तेव्हा मामाने वेलदोड्याचा पाव आणि कॉफी तयार ठेवली होती.

पडद्यावर पाणी संथ डुलत होतं. बघता बघता मधोमध एक आडवा पट्टा उमटला. त्यात राखाडी कूस, कुशीवर फिकट वलयं. वर डोकं नाही, खाली शेपूट नाही. तेवढा तुकडा हळूच सरकला आणि विरघळून गेला.

"बघितलंस?" मामा कुजबुजला.

विर्पीने बघितलं होतं. तिने आणखीही काही बघितलं होतं. त्या पट्ट्यात वरून सोनेरी, तिरपे कवडसे उतरत होते. बाहेर बर्फावर गुडघाभर हिम साचलेलं. त्याखाली कसलं आलंय ऊन?

ती उठली. मागच्या खोलीत संगणकापाशी जाऊन बसली. त्यात चित्रं आत घेणारी दोन कार्डं होती. एक बर्फाखालच्या कॅमेऱ्याचं, दुसरं मामाच्या जुन्या चित्रणाच्या टेपा संगणकात उतरवून घेणारं, तेही दिवसभर चालू. संगणक नवा, स्मृती भरपूर, त्यामुळे चित्र स्मृतीत कुठे ठेवायचं ते सांगणारे पत्तेही लांबलचक. टेपांच्या कार्डाचा जुना ड्रायव्हर संगणकातल्या पत्ते जुळवणाऱ्या यंत्राला विचारत होता, 'केवढा पत्ता चालेल?' यंत्र म्हणत होतं, 'अठ्ठेचाळीस अंकी.' कार्डाला मात्र बत्तीसच अंक पेलत होते, आणि ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दुपार कलली. खिडकीबाहेरचं हिम निळं झालं. विर्पी परत आली आणि मामाशेजारी बसली.

"मामा, टेपांच्या कार्डाला लांब पत्ता दिला की त्याचे पुढचे अंक गळतात. उरलेला पत्ता भलत्याच घरचा निघतो. मग जुन्या टेपेतला तुकडा, ऊन आणि उन्तुवासकट, आजच्या पाण्यात जाऊन पडतो."

मामा पडद्याकडेच बघत राहिला.

"ते ऊन मलाही दिसत होतं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं हे पाणी बघतोय. मला काय कळत नाही?"

"मग फोनवर बोलला का नाहीस?"

"तू येताच दुरुस्त करून टाकलं असतंस. मला ती आणखी थोडी बघायची होती."

विर्पीला हसू आलं. "चुकीच्या जागी लिहिलं जातंय, मामा. उद्या खरंच बिळातून पिल्लू पाण्यात उतरलं तर आपल्याला दिसायचं नाही."

"कर बाई, कर."

ड्रायव्हरने आधी कार्डाची ताकद विचारावी आणि त्याला झेपतील असेच पत्ते यंत्राकडून मागावेत, एवढाच बदल तिने केला. संगणक पुन्हा सुरू झाला. बर्फाखालचं पाणी निखळ दिसू लागलं, काळोखं आणि रिकामं. मामाने मान हलवली आणि कॉफीचा कप उचलला.

"थांब ना," विर्पी म्हणाली. "तो तुकडा कुठून तरी निसटला होता की नाही? टेपेच्या उतरवलेल्या प्रतीत तिथे काय होतं?"

"भोकं. मला वाटलं, टेप खराब झाली."

तिने ती टेप पुन्हा उतरवायला लावली. पडद्यावर जूनमधलं पाणी पसरलं. कवडशांतून उन्तुवा वर आली: मिशा, ओले काळे डोळे, वलयांची सगळी पाठ, शेपूट, सगळी. तिने कॅमेऱ्याला नाक लावलं, आणि पडदाभर नाकच उरलं.

"आगाऊ कुठली," मामा म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.