वास नसलेलं पाणी

आपलं काम कुणाला समजावून सांगायचं म्हणजे तिची दमछाक व्हायची. उपग्रह वरून समुद्राचा रंग टिपतो. त्या रंगावरून आणि पाण्याच्या तापमानावरून ती सूक्ष्म शेवाळातल्या एका द्रव्याचा अंदाज काढायची. समुद्राला येणारा वास बराचसा त्या द्रव्यामुळेच. मामा तिला चारचौघांत 'आमची वास काढणारी' म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

त्या महिन्यात नकाशावर नखाएवढा लाल डाग आला, म्हणजे तिथं ते द्रव्य भरमसाट; जागा बंदरापासून बोटीनं तीन तासांवर. तिथला प्रवाह जोराचा, तरी अकरा दिवस डाग जागचा हलला नाही. यंत्राचा दोष असेल, पुसून टाका, असं विभागप्रमुख म्हणाले. तिनं चारदा आकडेमोड तपासली, पण पुसायला मन धजेना. शेवटी मामाला गळ घातली. मामाकडे बोट होती, आणि चाळीस वर्षं नाकाच्या भरवशावर मासळी शोधल्याची घमेंडही.

सकाळी दोघं निघाली. जागा जवळ आली तसं मामानं इंजिन मंद केलं. पाण्यावर हजारो पक्षी बसले होते. एकही ओरडत नव्हता, एकही चोच बुडवत नव्हता. बोट मधून गेली तरी उडाले नाहीत. नुसते बाजूला सरकले. पाणी इतकं नितळ की तिनं नमुन्यासाठी सोडलेल्या बाटलीचा दोर खोलवर दिसत राहिला.

मामानं दोनदा लांब श्वास घेतला. मग डिझेलच्या डब्याचं झाकण काढून नाक आत घातलं.

"घरी चल," तो म्हणाला.

"दोनच बाटल्या राहिल्यात, मामा."

"इथं कशालाच वास नाही गं. डिझेललासुद्धा नाही."

तिनं आपला हात हुंगला. रबरी हातमोज्याचा वास तासन्‌तास जात नाही; आता तोही नव्हता. उरलेल्या बाटल्या तशाच पेटीत गेल्या. अर्ध्या तासानं डिझेलचा भपका तिच्या नाकात शिरला तेव्हा तिला हायसं वाटलं. तिनं मामाकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

प्रयोगशाळेत ते द्रव्य शून्य निघालं. पाण्यात शेवाळच नव्हतं. पुन्हा मोजलं, पुन्हा शून्य. तिसऱ्या दिवशीच्या नकाशात डाग तिथून गेला होता. तो बंदरात होता.

ती धावतच धक्क्यावर गेली. गोदामांच्या पत्र्यांवर पक्षी दाटीवाटीनं, गप्प बसले होते. मामा बोटीच्या कडेला उभा होता.

"कालपासून आहेत," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे बघत नाहीत. बोटीखाली बघतायत."

तिनं वाकून पाहिलं. तेलकट, काळं असायचं ते बंदराचं पाणी काचेसारखं झालं होतं. नांगराची साखळी तळापर्यंत दिसत होती. खाली काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी डाग नाहीसा झाला, पक्षी उडाले, पाणी गढूळ झालं. तिनं अहवालात उपग्रहाचा आकडा आणि बाटलीतला आकडा, दोन्ही शेजारी शेजारी लिहिले. विभागप्रमुखांनी न वाचताच सही केली.

मामाचं नाक काही परत आलं नाही. आता तो बादलीभर समुद्राचं पाणी घेऊन तिच्याकडे येतो आणि कसा वास येतोय ते विचारतो. ती सांगते: खारट, थोडा उग्र. तो डोळे मिटून ऐकतो.

परवा बादलीवर वाकून तिनं खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही. मामाच्या तोंडाकडे न बघता तिनं नेहमीचंच सांगितलं.